घरी लहान मूल आहे का?

आज एक बाई माझ्या तोंडावर खोटं बोलून गेली आणि दुपारपासून मला काही सुचत नाहीये. पोस्ट लांबणार आहे, आधी पोरं झोपवा मग वाचा.

धुळ्यात देवपूर भागात माझं पाळणाघर आणि नर्सरी आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. निम्म्यांची पोरं माझ्याच सतरंजीवर लोळून मोठी झालीत. गेल्या महिन्यापासून एक ताई कमी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरवली, पंधरा फोन आले, पगार ऐकून निम्म्याहून जास्त गळाल्या. आज चौघी आल्या.

मी सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारते. एका पोरानं दुसऱ्याला कडकडून चावलं, तर काय कराल? पहिलीकडे प्रमाणपत्रांची फाईल होती. म्हणाली, "त्याला समजावून सांगेन." दीड वर्षाच्या पोराला! दुसरी म्हणाली, एक लावून देईन. प्रामाणिक तरी होती. तिसरी म्हणाली, त्यालाच चावून दाखवायचं, म्हणजे कळतं. (हसू नका, आपल्या आज्यांनी हेच केलंय.)

चौथी कापडण्याहून एसटीनं आली होती. बारावी झालेली, पुढे लग्न. खुर्चीच्या टोकावर बसली होती, पिशवी मांडीवर. म्हणाली, "ज्याला चावलं त्याला आधी उचलीन. मग दुसऱ्यालापण जवळ घेईन, तोबी घाबरेल राहतो ना. मंग पाहीन, भूक लागलीय का, दात येताहेत का. दाढ येताना पोरं लई चावतात ताई."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत असं उत्तर मला दोनदा-तीनदाच मिळालं असेल. मनातल्या मनात तिला मी ठेवून टाकलं होतं. फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न उरला होता. "घरी लहान मूल आहे का?"

"नाही." लगेच. जरा जास्तच लगेच.

आणि तेवढ्यात फाटकाबाहेरून आवाज, "भूक लागनी तिले, रडी ऱ्हायनी!" बाहेर बदामाच्या सावलीत एक म्हातारी, कडेवर दीडेक वर्षाची पोर. पोरीनं दारातून हिला पाहिलं आणि "माय!" करून जो टाहो फोडला, तो आतल्या झोपलेल्या चार पोरांना उठवून गेला. ही उभी राहिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येते ताई" म्हणाली आणि गेली. बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स टेबलावरच राहिली.

मला आधी रागच आला. ज्या बाईच्या हातात आपण लेकरं देणार, ती पहिल्याच भेटीत खोटं बोलते? पाळणाघरात सगळं भरवशावर चालतं. पोरानं जेवण टाकलं की खाल्लं, पडलं तर कुठे पडलं, हे संध्याकाळी आईला खरं सांगावं लागतं. खोटं बोलणारी बाई नको म्हणजे नको. तासभर मी हेच घोकत होते.

मग खिचडी ढवळता ढवळता डोक्यात आलं, दाढ येताना पोरं चावतात हे हिला कुठून कळलं? त्याच पोरीनं शिकवलं असणार. खांद्यावर चावून चावून शिकवलं असणार. म्हणजे मला जे उत्तर आवडलं ते त्या पोरीमुळे आलं, आणि मी नोकरी नाकारणार होते तीही त्या पोरीमुळेच. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, म्हणून ती "नाही" म्हणाली. खोटं बोलायला मीच लावलं की तिला! छापील फॉर्मवर!

आता तो प्रश्न फॉर्मवर आला कसा, तेही सांगते. मागच्या थंडीत एका ताईची दोन्ही पोरं आळीपाळीनं तापानं फणफणली. तिच्या महिन्यात अकरा सुट्ट्या. मी एकटी नऊ पोरांना घेऊन बसले, त्यात तिघं लंगोटवाली, खिचडी दोनदा करपली आणि पालकांचे फोन वेगळेच. हो, लहान मूल असलेल्या बाईच्या सुट्ट्या होतात. मान्य. पण तेव्हा मी काय केलं? बदली बाई बघून ठेवायची सोडून एक प्रश्न छापून आणला. झेरॉक्सवाल्याला दोन रुपये पानामागे देऊन.

आणि पालकांनो, तुम्हीही सुटणार नाही. आमच्या ग्रुपवर एका आईनं मला विचारलं होतं, "नवीन ताईंना स्वतःची लहान मुलं नाहीत ना? नाहीतर लक्ष राहत नाही." ही आई स्वतः सरकारी नोकरीत. सहा महिन्यांची प्रसूती रजा घेतली, वर १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते. घ्या, हक्क आहे तुमचा, तोंडभरून घ्या. पण तुमचं मूल सांभाळणाऱ्या बाईला मूलच नसावं, ही कुठली अपेक्षा? तीही पंचविशीची, हसतमुख, इंग्रजी येणारी, संध्याकाळी सातपर्यंत थांबणारी हवी. आणि फी मात्र अडीच हजारात बसवा. हल्ली तर "तुम्ही एनईपी फॉलो करता का?" (म्हणजे नवं शिक्षण धोरण) हेही विचारतात. बाईला पगार किती देता, हे आजवर एकानंही विचारलं नाही.

(पोलीस व्हेरिफिकेशन मागता ते बरोबर आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतच चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर मी ड्रायव्हरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचं करून घेतलं. त्यावर वाद नाही.)

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. माझ्याकडे पाच बायका, मला कायदा विचारत नाही. पण गंमत बघा, माझं अख्खं दुकानच पाळणाघराचं. पाळणे आहेत, दूध आहे, खिचडी आहे. आणि त्यातल्या बाईची पोर बाहेर बदामाखाली.

तारा मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं की मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं असतं. त्या काय म्हणाल्या? धाकट्यालाही आण. एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तीच विकासवाडी. माझ्या ऑफिसात दोघींचे फोटो आहेत. आज त्यांच्याच खाली बसून मी तो प्रश्न विचारला. दुपारपासून वर बघायची हिंमत होत नाहीये.

सोपं नाहीये, तेही मला माहीत आहे. आईनं दुसऱ्याचं मूल कडेवर घेतलेलं पाहिलं की स्वतःचं मूल आकांत करतं. बाईचाही हात नकळत आपल्या पोरीकडे आधी जातो, आणि मग दुसऱ्या आईला वाटतं केळाचा मोठा तुकडा तिकडे गेला. म्हणून आई मोठ्या गटात आणि पोर छोट्या गटात ठेवावी लागेल, मध्ये दार. पोरीची फी? पगारातून कापायचा विचार एक मिनिट आला होता डोक्यात. लाज वाटली.

आणि महिन्याकाठी सात हजारांत ती कापडण्याहून रोज येणार. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय म्हणून जमतं, नाहीतर निम्मा पगार कंडक्टरच्या बॅगेत. पाचशे वाढवून देता येतील का, ते बघतेय. वहीत तीनदा हिशोब मांडला. दोनदा जमला.

ती बोलता बोलता म्हणाली होती, परवा आग्रा रोडवर साडीच्या दुकानातही विचारायला जायचंय. तिथे बहुधा तिला ठेवूनच घेतील. दाढ येताना पोरं का चावतात, हे त्या दुकानात कुणाच्या उपयोगाचं?

फॉर्मवर सासऱ्यांचा नंबर आहे. संध्याकाळपासून चार वेळा लावला, बंद येतोय. आता सकाळी सहाला लावते. कापडण्याचं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर इनबॉक्समध्ये या. नाव इथे लिहिणार नाही, पण मार्कशीट माझ्याकडे राहिलीय एवढा निरोप द्या. आणि येताना पोरीला घेऊन ये म्हणावं.