परदेशातून आलेल्या माणसाने नवी मुंबईत घर कुठे बघावं?

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात बाहेरच्या देशांतून लोक दोन-तीन वर्षांसाठी येत असतात. राहायचं कुठे हे त्यांचं बहुतेक वेळा ब्रोकर ठरवतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर एक टॉवर, खाली स्विमिंग पूल, गेटवर सिक्युरिटी, घरात आधीच बसवलेले एसी. माणूस प्रवासाने दमलेला असतो, भाडं कंपनी देणार असते, लगेच सही होते. मला ही निवड मनापासून चुकीची वाटते. मी नेरूळमध्ये वाढले, इथेच संसार केला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घोडबंदर रोडचं आधी. नकाशावर पातलीपाडा ते ऐरोली अंतर फार दिसत नाही. पण त्या रस्त्यावर जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर असतात, मेट्रो ४ चं काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की मागे माजिवड्यापर्यंत सगळं ठप्प. घर कितीही देखणं असलं तरी रोजची संध्याकाळ गाडीत जाते. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी इथे नसेल, तर घरी राहणाऱ्या माणसाचं काय होतं हे मी जवळून पाहिलंय. दिवसभर त्या कॉम्प्लेक्सच्या बाहेर पाऊल पडत नाही, कारण बाहेर चालण्याजोगं काही नाही.

ठाण्यातच राहायचं असेल तर नौपाडा किंवा पाचपाखाडी बघावं. स्टेशन, भाजी, दवाखाना सगळं पायाखालचं. फक्त मालकाला एक प्रश्न स्पष्ट विचारावा, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? तिथल्या कितीतरी जुन्या इमारतींत ती बोलणी चालू असतात, आणि अकरा महिन्यांनी घर खाली करायची वेळ येऊ शकते.

माझी पसंती मात्र नेरूळ, वाशी, बेलापूर. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, उभारायला सिडको स्थापन झाली. स्टेशन, आजूबाजूला सेक्टर, सेक्टरजवळ शाळा, बाग, दुकानं अशी ती आखणी. आम्ही ती गृहीत धरतो. बाहेरून आलेल्याला तिची किंमत लगेच कळते, कारण भाषा येत नसतानाही तो एकटा चालत बाजारात जाऊन येऊ शकतो. नेरूळहून ऐरोलीला ट्रान्सहार्बरची लोकल आहे, गाडी-ड्रायव्हरवर काही अडत नाही.

माझी एक फिलिपिनो सहकारी नेरूळच्या जुन्या सेक्टरमध्ये चार मजली इमारतीत राहिली. घराला फारसा थाट नव्हता. पण मासळी हा तिच्या घरचा रोजचा विषय, आणि बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारातल्या कोळणींशी तिची अशी गट्टी जमली की बोंबील कसे निवडायचे ते ती मला सांगायची! खालच्या मजल्यावरच्या काकू तिच्या मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायच्या. त्या टॉवरमध्ये पूल असेल, अशा काकू भेटतीलच असं नाही.

खारघर सुंदर आहे यात वाद नाही. डोंगर, सेंट्रल पार्क, रुंद रस्ते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरला जोडणारी मेट्रो. पण पाण्याचं आधी विचारा. वाशी-नेरूळला नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं पाणी येतं; खारघर पनवेल महापालिकेत, तिथे उन्हाळ्यात कितीतरी सोसायट्या टँकर मागवतात. घर बघायला गेल्यावर वॉचमनला विचारावं, मे महिन्यात पाणी किती वेळ येतं? खरं उत्तर तोच देतो.

उलव्याबद्दल आता ब्रोकर हमखास बोलतात, विमानतळ जवळ, अटल सेतू जवळ. विमानतळावर माणूस वर्षातून कितीदा जातो? भाजीला रोज जातो.

आता जे बोलायला मला त्रास होतो ते. नायजेरियाहून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याला आमच्याच भागातल्या एका सोसायटीने एनओसी दिली नाही. मालक तयार होता, कंपनीचं पत्र होतं. कारण विचारलं तर "नंतर भानगडी होतात" एवढंच. कसल्या भानगडी? परदेशी भाडेकरू आला की मालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, तर कुणाचंही रजिस्टर करावंच लागतं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना साधारणपणे १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करायची असते, आणि तिथे पत्त्याचा पुरावा लागतो. म्हणजे आपण घर अडवलं की त्याची कागदपत्रंही अडतात. आपल्यापैकी कित्येकांची मुलं आज म्युनिकला, मेलबर्नला भाड्याच्या घरात राहतात. त्यांना रंग बघून कुणी दार लावलं तर आपल्या जिवाचं काय होईल?

म्हणून घर शोधणाऱ्याला मी सांगते, फ्लॅट बघण्याआधी सेक्रेटरीला भेटा. तो तुमच्याशी बोलतो की फक्त ब्रोकरशी, ते बघा. पाहुणे, स्वयंपाकाचा वास, मांसाहार यांवर नियम आहेत का ते डिपॉझिट देण्याआधीच विचारा. आणि सोसायटीच्या कमिटीवर असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या. परदेशी भाडेकरूला लागणारे कागद कोणते, हे लिहून नोटीस बोर्डवर लावा. कागद पूर्ण असतील तर एनओसी मिळालीच पाहिजे.

तुमच्या ऑफिसात असं एखादं कुटुंब येणार असेल तर शनिवारी सकाळी त्यांना नेरूळ स्टेशनला घेऊन या. मी स्वतः सोबत चालत सेक्टर दाखवीन, बाजार दाखवीन. ब्रोकरला त्यानंतर फोन करू दे.