नवनियुक्त क्रीडा प्रसिद्धीप्रमुखांस

महाविद्यालयाचे क्रीडा प्रसिद्धीप्रमुख म्हणून आपली नेमणूक झाली, याबद्दल अभिनंदन. आपण मराठीचे प्राध्यापक आहात आणि मैदानाकडे केवळ दुचाकी सावलीत लावण्यापुरते फिरकता, ही या पदासाठी उत्तम पात्रता आहे.

समजा, आपल्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धा जिंकली, तर बातमीची सुरुवात संस्थेच्या अध्यक्षांपासून करावी आणि पुढे सचिव, सहसचिव, प्राचार्य व समस्त संचालक मंडळ यांचे मोलाचे मार्गदर्शन लाभल्याचे नमूद करावे. अध्यक्षांनी खो-खोत नेमके कोणते मार्गदर्शन केले, असे तालुका वार्ताहर विचारत नाही; त्यांच्या वाढदिवसाची जाहिरात त्याच्याकडेच जायची असते. क्रीडाशिक्षक जुन्या वळणाचे असले, तर ‘२.४० मि. संरक्षण, ३ गडी’ असे, म्हणजे कोण किती वेळ बाद न होता टिकली आणि तिने किती गडी टिपले ते, लिहिलेली चिठ्ठी आणून देतील. ती नम्रपणे घ्यावी आणि खिशात विसरावी. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो अशाच मिनिटांच्या आणि गड्यांच्या हिशेबावर, हे खरे. परंतु तो हिशेब ठेवणारे कोणी निराळे असतात.

फ्लेक्सवर खेळाडूंची छायाचित्रे पोस्टाच्या तिकिटाएवढी असावीत. नावे चुकली तरी चालतील, मात्र अध्यक्षांच्या नावाआधीचे ‘शिक्षणमहर्षी’ सुटता कामा नये.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे यांचा उल्लेख भाषणात अवश्य घालावा. ते आपल्या महाविद्यालयात कधी आले नसले, तरी ‘मराठवाड्याच्या मातीचे सुपुत्र’ म्हणायला कोणाची हरकत नसते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्यांसह तीन हजार मीटर अंतर ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पार करून रौप्यपदक मिळवले. तेवढ्या वेळात आपल्याकडे व्यासपीठावरील मान्यवरांचे शाल-श्रीफळही आटोपत नाही.

छायाचित्र जिओटॅग करूनच, म्हणजे ठिकाणाची नोंद उमटवून काढावे, म्हणजे तेच महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीलाही लागते. (मैदानावरचे गवत त्यात दिसू देऊ नये.) चषक अध्यक्षांच्या हाती द्यावा आणि मुलींना मागे उभे करावे.

पुढे एखादी मुलगी घरी दाखवायला कात्रण मागेल. ते आनंदाने द्यावे. फेट्याच्या तुऱ्याआड जी अर्धी वेणी दिसते, ती आपलीच, हे ती स्वतः शोधून काढील.