पंपाचा जोर वाढवून दूध वाढत नाही

गरोदर बायकांच्या आणि नव्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ब्रेस्ट पंपाबद्दलचा एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. सातव्या-आठव्या महिन्यातच सर्वांत जास्त सक्शनचा डबल इलेक्ट्रिक पंप घेऊन ठेवा. जोर जितका जास्त, तितकं दूध जास्त. पेटीतली फनेल, म्हणजे छातीवर बसणारं नरसाळं, सगळ्यांना चालते. पहिल्या दिवसापासून पंप लावा, दूध लवकर उतरेल. एका वेळी 100 मिली निघत नसेल तर दूध कमी आहे. नात्यात कुणाचा जुना पंप असेल तर उकळून वापरा. काढलेलं दूध उकळूनच बाळाला द्या.

या सात सल्ल्यांत काही अर्धे खरे आहेत, काही सरळ चुकीचे. ते पाळून बोंडांना चिरा पडतात, छातीत गाठी होतात, मग अंगावर पाजणं नकोसं होतं आणि पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

“बाळंतपणाआधीच मोठा पंप घेऊन ठेवा”

पंप कोणता हवा हे दोन गोष्टींवर ठरतं: दिवसातून किती वेळा दूध काढायचं आहे, आणि बाळ स्वतः अंगावर पितं आहे की नाही. या दोन्हींची उत्तरं बाळ जन्मल्यावरच मिळतात. वॉरंटी मात्र बहुधा खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, आणि उघडलेला पंप स्वच्छतेच्या कारणाने दुकानदार सहसा परत घेत नाही.

आई घरी आहे, बाळ नीट पितं आहे, कधीतरी दोन तास बाहेर जायचं आहे, अशा वेळी हाताने दूध काढणं किंवा दांडी दाबून चालवायचा साधा हातपंप पुरतो. त्याला वीज लागत नाही, सुटे भाग थोडे असतात, धुणं सोपं जातं. एका बाजूला पाजताना दुसरीकडून गळणारं दूध वाया जाऊ नये एवढंच हवं असेल, तर छातीला चिकटून बसणारा सिलिकॉनचा अखंड कप घ्यावा. तो पंप नाही, पान्हा फुटल्यावर गळणारं दूध गोळा करणारं भांडं आहे. त्याच्या भरवशावर नोकरीवर परतू नये.

नोकरीवर जाणाऱ्या आईला डबल इलेक्ट्रिक पंप खरोखर उपयोगी पडतो. दोन्ही बाजू एकदम काढल्या तर 15 ते 20 मिनिटांत काम होतं, एकेक करून काढायला जवळपास दुप्पट वेळ जातो. हिशेब असा करावा: आई दूर असताना बाळाला तासाला साधारण 30 ते 40 मिली लागतं. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत नऊ तास होत असतील तर 270 ते 360 मिली. एवढं दूध दोन-तीन वेळा काढून जमतं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. ती पूर्ण मिळणाऱ्या आईने कामावर रुजू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी पंप घेतला तरी सरावाला भरपूर वेळ मिळतो. जिला रजाच जेमतेम मिळते तिने मात्र हे आधी ठरवावं. पंप बॅटरीवर चालतो का आणि एका चार्जिंगमध्ये किती वेळा दूध निघतं, हे दुकानातच विचारून घ्यावं. ब्राच्या आत बसणारा बिनवायरचा पंप प्रवासात सोयीचा आहे. पण त्यात बोंड मध्यावर बसलं आहे की नाही हे नीट दिसत नाही, आणि पुढे वाकलं की दूध सांडतं. दिवसभराची सगळी मदार त्यावर ठेवू नये.

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल तर सगळं गणित बदलतं. तिथे पंप हाच बाळाच्या जागी काम करतो. जन्मानंतर शक्यतो पहिल्या सहा तासांच्या आत दूध काढायला सुरुवात करून 24 तासांत 8 ते 10 वेळा काढावं लागतं, त्यातलं निदान एक रात्री. यासाठी अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेला रुग्णालयाच्या दर्जाचा पंप लागतो. तो विकत घ्यायची गरज नाही. मोठ्या शहरांत तो भाड्याने मिळतो, काही रुग्णालयांत वॉर्डातच असतो. आईने फक्त स्वतःचा फनेल, नळी आणि बाटलीचा संच घ्यायचा.

“जोर जितका जास्त, तितकं दूध जास्त”

सर्वांत जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच आहे.

पंपाची ओढ मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. जाहिरातीत 300 मिमी पारा किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. बाळाची ओढ साधारण 150 ते 200 मिमीपर्यंत जाते, आणि तेवढ्यात त्याचं पोट भरतं. दूध बाहेर येतं ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. ते रक्तात आलं की दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आकसतात आणि पान्हा फुटतो. दुखलं, भीती वाटली, घाई झाली की हीच क्रिया अडते. म्हणजे जोर दुखण्यापर्यंत नेला तर दूध वाढत नाही, उलट आत अडकतं. दुसऱ्या दिवशी बोंड सुजलेलं असतं, आणि सूज असताना दूध आणखी कमी येतं.

बाळ काय करतं ते पाहा. आधी भराभर, सेकंदाला दोनेक वेळा, हलकं चोखतं. दूध यायला लागलं की सेकंदाला एकदा, खोल आणि संथ. चांगल्या पंपात म्हणूनच दोन पद्धती असतात. सुरुवातीला मिनिटाला सुमारे 120 वेळा चालणारी हलकी, मग सुमारे 60 वेळा चालणारी संथ. मेसेजमधला जोराचा आकडा बघण्याऐवजी ही दोन्ही चक्रं आहेत का, आणि जोर व वेग वेगवेगळे बदलता येतात का, हे बघा.

वापरताना हलक्या पद्धतीने एक-दोन मिनिटं चालवा. धार सुरू झाली की संथ पद्धतीवर जा. जोर एकेक पायरी वाढवा. जिथे ‘हे जरा जास्त होतंय’ असं वाटेल तिथून एक पायरी खाली या. तुमच्यासाठी तोच सर्वांत जास्त उपयोगी जोर. धार मंदावली की पुन्हा हलक्या पद्धतीवर जाऊन दुसरा पान्हा येऊ द्या. तोवर मोकळ्या हाताने छाती बाहेरून हलकेच दाबत राहा. नुसत्या यंत्रापेक्षा हात आणि यंत्र मिळून जास्त दूध निघतं. थेंब थांबल्यावर दोनेक मिनिटांनी बंद करा.

आणि दूध एकाएकी कमी निघायला लागलं तर मोटर बदलायच्या आधी व्हॉल्व्ह बघा. फनेलखाली पोपटाच्या चोचीसारखा दिसणारा सिलिकॉनचा तुकडा असतो. उजेडात धरल्यावर त्याची फट न दाबता उघडी दिसत असेल तर तो गेला. रोज तीन-चारदा वापरात असेल तर दोन-तीन महिन्यांत तो बदलावाच लागतो. ब्रश आत घालून घासला तर त्याआधीच फाटतो, म्हणून तो साबणाच्या पाण्यात बोटांनीच चोळावा. पंप घेताना हा तुकडा सुटा मिळतो का, हे विचारलंच पाहिजे. जोराचा आकडा कितीही मोठा असला तरी एवढासा हा भाग मिळेना झाला की पंप कपाटात जातो.

“पेटीतली फनेल सगळ्यांना चालते”

पेटीत बहुतेक वेळा 24 मिमीची फनेल असते, कधी सोबत 27 किंवा 28 मिमीची. हे माप बोंड ज्यात जातं त्या बोगद्याच्या आतल्या व्यासाचं आहे, छातीच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. भरलेल्या छातीच्या बाईचं बोंड 14 मिमीचं असू शकतं, बारीक बाईचं 20 मिमीचं.

माप घ्यायला पट्टी पुरते. पाजण्याआधी किंवा पंप लावण्याआधी बोंडाच्या बुडाशी व्यास मोजा, भोवतीचं गडद वर्तुळ धरू नका. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, फरक निघणं नेहमीचंच आहे. आलेल्या मापात 1 ते 3 मिमी मिळवून सुरुवात करा, आणि पाच मिनिटं चालवून बघा. बोंड बोगद्याच्या भिंतींना घासत असेल, पांढरं पडत असेल, बुडाशी वळ उठत असेल तर फनेल लहान आहे. गडद वर्तुळाचा बराच भाग आत ओढला जाऊन सुजत असेल तर मोठी आहे. बोंड मधोमध मोकळं पुढे-मागे व्हायला हवं, आणि दुखता कामा नये. 15 मिमीच्या बोंडाला 24 ची फनेल लावली की वर्तुळच आत जातं, दुधाच्या वाहिन्या दाबल्या जातात आणि धार तुटते. मग जोर वाढवला जातो, आणि वरचं सगळं दुखणं सुरू होतं.

यासाठी नवा पंप नको. 24 च्या फनेलमध्ये बसणाऱ्या सिलिकॉनच्या आतल्या चकत्या 13 पासून 21 मिमीपर्यंत सुट्या मिळतात. ज्या पंपाला अशा चकत्या किंवा वेगळ्या मापाच्या फनेल मिळतच नाहीत, तो कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

“पहिल्या दिवसापासून पंप लावा”

बाळ जवळ असेल आणि पीत असेल तर नको. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, घट्ट आणि थोडा, एका वेळी काही थेंब ते चमचाभर. तो फनेलच्या भिंतीला आणि व्हॉल्व्हला चिकटून राहतो, बाटलीत काहीच दिसत नाही, आणि आई हताश होते. या दिवसांत हात जास्त चांगलं काम करतात. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडापासून सुमारे दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेवायची, आधी मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं त्वचेवर घासायची नाहीत. आलेला चीक थेट उकळलेल्या चमच्यात घेऊन बाळाला द्यावा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी भरते तेव्हा पंपाचा मोह होतो. पण पंपाने वर्तुळाजवळची सूज वाढते, आणि निघालेल्या प्रत्येक थेंबामागे शरीर आणखी दूध बनवतं. बोटांच्या टोकांनी बोंडाभोवती मिनिटभर मागे दाबून ठेवलं की जागा मऊ होते आणि बाळाला तोंडात धरता येतं. पाजल्यानंतर थंड पट्ट्या ठेवा. ‘छाती पूर्ण रिकामी करा’ हा जुना सल्ला गाठींवर आता दिला जात नाही. गरजेपुरतंच काढावं. ताप, लाल चट्टा आणि अंगदुखी असेल तर 24 तास वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

“100 मिली निघत नाही म्हणजे दूध कमी”

जे बाळ दिवसभर अंगावर पितं, त्याच्या दोन पिण्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंचं मिळून 15 ते 60 मिली निघणं अगदी नेहमीचं आहे. ते त्याच्या पोटात गेल्यानंतर उरलेलं दूध आहे. बाळ नसताना, एका पिण्याच्या जागी काढलं तर 60 ते 120 मिली येतं. दूध पुरतं की नाही हे बाटलीवर कळत नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि वाढत जाणारं वजन यावर कळतं.

“जुना पंप उकळून वापरा”

फनेल, बाटली आणि व्हॉल्व्ह उकळता येतात. मोटर उकळता येत नाही, आणि प्रश्न तिथेच आहे. उघड्या रचनेच्या पंपात दूध आणि वाफ नळीतून मोटरपर्यंत जाऊ शकते. आत बुरशी धरली तर बाहेरून दिसतही नाही. बंद रचनेच्या पंपात मध्ये पडदा असतो, म्हणून घ्यायचाच तर तसा घ्यावा. तरीही घरगुती पंप एकाच बाईसाठी बनवलेला असतो, वर्ष-दोन वर्षं वापरून त्याची ओढही उतरलेली असते. जावेचा पंप प्रेमाने दिलेला असला तरी नको म्हणावं.

स्वतःच्या पंपाचे दुधाला लागणारे भाग दर वेळी वेगळ्या पातेल्यात साबणाने धुवावे, सिंकमध्ये नाही. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल तर ते रोज एकदा पाच मिनिटं उकळून, न पुसता, हवेवर वाळवावे. नळीत वाफ दिसली तर फनेलशिवाय पंप काही मिनिटं चालवून ती सुकवावी. काळे ठिपके दिसले तर नळी फेकून द्यावी.

“काढलेलं दूध उकळूनच द्या”

गाईच्या दुधाची सवय इथे आड येते. आईचं दूध तिच्याच बाळासाठी उकळायचं नसतं, उकळल्याने त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं नष्ट होतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दूध दुसऱ्याच्या बाळाला जायचं असतं, म्हणून ते पाश्चराइझ करतात, आणि तेही उकळून नाही, 62.5 अंशांवर 30 मिनिटं.

ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा नियम धरू नये, लगेच फ्रीजमध्ये ठेवावं. फ्रीजच्या मागच्या भागात, दारात नाही, चार दिवस. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात मात्र पुरेशी थंडी टिकत नाही, तिथलं दोन आठवड्यांत वापरावं. एका डब्यात 60 ते 90 मिलीच ठेवावं आणि वर तारीख लिहावी.

देताना डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर आलेली साय हलकेच गोल फिरवून मिसळावी, ते दूध नासलेलं नसतं. पंपासोबत बाटली आली म्हणून तीच वापरायला हवी असं नाही. वाटी-चमच्याने किंवा आतून घासता येईल अशा बोंडल्याने, बाळाला उठतं धरून पाजता येतं. गोठवलेलं दूध वितळल्यावर 24 तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये, आणि बाळाच्या तोंडी लागून उरलेलं दूध दोन तासांनंतर ओतून द्यावं.