सोबत यायचंय ना? मग तारीख तरी सोडा, नाहीतर ठिकाण तरी

वेरूळहून अजिंठ्यापर्यंत डोंगरधारेने चालत जायचं म्हटलं की मित्रांची उत्तरं ठरलेली असतात. "अबे, मी पण येतो. पण शनिवार-रविवारच जमंल. आणि अंतूरचा किल्ला बघायचाय, तेवढा त्याच दिवशी ठेव." दुसऱ्याला त्याच शनिवारी वेताळवाडीचा किल्ला पाहिजे. तिसऱ्याला काहीही चालतं, फक्त गाडी जवळ उभी पाहिजे.

सगळे या, मनापासून सांगतोय. पण ठिकाण मागा किंवा तारीख मागा. दोन्ही मागितलंत की चालणाऱ्याचं वाटोळं ठरलेलंच.

लांबच्या चालीत वेळापत्रक रोज सरकतं. कुठं वाट कुसळी गवतात हरवते, कुठं नकाशातल्या ओढ्यात पाणीच नसतं आणि गावापर्यंत उतरून परत चढावं लागतं. एखाद्या दिवशी गुडघाच नाही म्हणतो. शनिवारी सकाळी नऊला अंतूरच्या पायथ्याशी भेटायचं कबूल केलं असेल, तर शुक्रवारी मी एक तर अंधार पडेपर्यंत रेटत चालणार, नाहीतर गुरुवारीच पोचून नागापुरात बसून राहणार. दोन्ही तुमच्या सोयीसाठी. शनिवार पक्का असेल तर मी जिथं असेन तिथं या. अंतूरच पाहिजे असेल तर मी सांगेन त्या दिवशी रजा टाका.

यावर एकाने विचारलं, मग पालखीत कसं जमतं? बरोबर आहे. गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पंढरपूरला जाते आणि आपल्याकडं कितीतरी लोक दोनच मुक्काम चालून घरी परततात. पण तिथं मुक्काम आधीच ठरलेले, आणि मागं स्वयंपाकापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं चालतं. शिवाय उशिरा आलेल्यासाठी पालखी थांबत नाही, तो धावत गाठतो. आमच्या मित्रांना वारीतली पक्की तारीख पाहिजे, धावणं नको.

आता कुणाला कुठला टप्पा द्यायचा? इथं माझं मत ठाम आहे. टप्पा सौंदर्यावर ठरवू नका, सुटकेच्या वाटेवर ठरवा. ज्याला चालायची सवय नाही त्याने खुलताबाद ते म्हैसमाळ करावं. डांबरी रस्ता जवळून जातो, दम संपला तर हात दाखवून गाडीत बसता येतं, वर गिरिजादेवीचं दर्शन होतं.

गौताळा अभयारण्याचा टप्पा मात्र मी ऐनवेळी येणाऱ्या कुणालाच देणार नाही. तिथं वन विभागाची परवानगी लागते, नावं आधी द्यावी लागतात, आणि "रात्री निघतो, सकाळी पोचतो" म्हणणाऱ्याचं नाव कागदावर नसतं. बिबटे आहेतच. २०२१ मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत गौताळ्यात आला होता. काय ती चाल! त्याने अर्थात कुणाला सोबत बोलावलं नव्हतं.

सगळ्यात चांगला टप्पा मी मित्रांसाठी राखून ठेवलाय. उंडणगावकडून जंजाळा गाव, तिथला वैशागड किल्ला, जवळच घटोत्कच लेणं. लेणं वाकाटकांच्या काळातलं, तिथल्या शिलालेखात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचं नाव आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेखही त्याचाच, पण इथं गर्दी नाही. पुढं हळदा घाटातून वेताळवाडीचा किल्ला चढायचा आणि पलीकडं वेताळवाडी गावात उतरायचं. तिथून सोयगाव जवळ, एसटी मिळते. चढ आहे, पण हात टेकवणारा नाही. दोन दिवसांत किल्ले, लेणं, घाट सगळं होतं आणि सोमवारी माणूस ऑफिसात.

गाडी आणणारांनी एवढं ऐका. गाडी सुरुवातीला लावली तर शेवटी ती आणायला परत मागं जावं लागतं, रविवारची दुपार त्यातच जाते. गाडी सोयगावला लावा आणि एसटीने, मिळेल त्या जीपने उंडणगावला या. सकाळी लवकर गाठायचं असेल तर आदल्या रात्रीची मुक्कामी गाडी कुठल्या गावात थांबते ते डेपोत विचारून ठेवा. मोबाईलवर ती माहिती मिळेलच असं नाही, कंडक्टरला मात्र पाठ असते.

घाटाच्या कुशीत रेंज जाते. म्हणून "पोचलो की फोन करतो" हे चालणार नाही. गाव ठरवायचं, मारुतीचा पार ठरवायचा, वेळ ठरवायची. दुपारी बारापर्यंत आलात तर सोबत निघू. नाही आलात तर मी पुढं जाणार, तुम्ही रस्त्याने पुढच्या गावात या. याचा राग येणार असेल तर आत्ताच सांगा.

एका वेळी दोघंच. एकटा माणूस मंदिरात पथारी टाकतो, कुणीतरी ताट आणून देतं. दोन-तीन जण असले तरी निभतं. सहा जण आले की वऱ्हाड उतरल्यासारखं होतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली बाई रानातून थकून आलेली असते. तिला रात्री भाकऱ्या थापायला लावून "गावची माणसं किती प्रेमळ" असं फेसबुकवर लिहायची मला लाज वाटते.

त्यापेक्षा येताना शिधा आणा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात. एक भरलेली पॉवरबँक आणा, माझी रिकामी घेऊन जा. हे केलंत तर तुम्ही पाहुणे नाही, माझी रसद आहात, आणि मग थोडं हळू चाललात तरी मी काही बोलणार नाही. बूट मात्र नवे नकोत. पहिल्या दिवशी ताज्या पायांनी पुढं पळणारे दुसऱ्या दिवशी फोड मोजत बसतात, हे हमखास.

डिसेंबरात निघतोय. कमेंटमध्ये एकच लिहा, तारीख की ठिकाण. शेवटाला थेट अजिंठा लेण्यांतच भेटायचं म्हणणारांनी सोमवार सोडून बोला, लेणी त्या दिवशी बंद असतात.