13 फुटी स्पे रॉड आणि 8 नंबरची लाइन : तुमच्या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ. फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे खोट्या माशीनं (फ्लायनं) मासे धरण्याच्या, 13 फुटी, 8 नंबरच्या दोनहाती (स्पे) रॉडला आमच्याकडची 8 नंबरची लाइन लावली, वाघूर धरणावर खांदा दुखेपर्यंत फेकली, तरी ती समोरच ढीग होऊन पडते आणि दुपारी गुंतते, म्हणून माल खराब, असं तुम्ही लिहिलंय. माल खराब नाही, पण चूक आमचीच. रॉड एकहाती की दोनहाती, हे विचारल्याशिवाय लाइन द्यायलाच नको होती.

आकडा तोच असला तरी माप वेगळं. एकहाती 8 नंबर लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 210 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) असतं. तुमच्या रॉडला स्पे कास्टसाठी, म्हणजे लाइन पाण्यावर टेकवून दोन्ही हातांनी फेकायला, साधारण 510 ते 600 ग्रेनचं हेड (लाइनचा पुढचा जड भाग) लागतं. जळगावात सोनाराचा काटा कुठेही मिळेल, घालून बघा. जुना तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे 540 ग्रेनचं हेड बरोबर तीन तोळे, 35 ग्रॅम भरतं. तुमच्या लाइनचे पहिले 30 फूट जेमतेम सव्वा तोळ्याच्या आत. एवढ्या वजनानं रॉड वाकत नाही, मग खांद्याचा जोर लागतो आणि लूप (हवेत उलगडणारं लाइनचं वळण) फाकतो.

पुढचं तुमच्या फेकण्यावर. बुडणारी टिप (हेडच्या पुढे जोडायचा लाइनचा तुकडा) आणि जड फ्लाय घेऊन, लाइन पाण्यावर टेकवून सावकाश फेकत असाल तर 570 ते 600 ग्रेनचं आखूड स्कॅजिट हेड घ्या. त्याला पुढे 10-12 फुटी टिप हवीच. हलकी फ्लाय असेल आणि खालच्या हाताच्या ओढीवर फेकत असाल तर 510-540 ग्रेनचं स्कँडी हेड. त्याला लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा) निदान रॉडच्या लांबीचा ठेवा. आखूड केला की अँकर (पाण्यावर टेकलेलं टोक) पाण्यातून सुटतो आणि मागे चाबकासारखा फटका ऐकू येतो. डोक्यावरून सरळ फेकायचं असेल तर एक-दोन नंबर हलकं चालतं. सराव मात्र पाण्यावरच करा, शेतात पाण्याची पकड मिळत नाही.

गुंतण्याचं कारण ऊन. थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनीचं कोटिंग आपल्या मे महिन्यात नरम पडून गाइडला (रॉडवरच्या कड्यांना) चिकटतं. गाडीच्या डिकीत रीळ ठेवू नका, पहाटे फेका.

रॉड, रीळ, लाइन घेऊन या. वापरलेली असली तरी लाइन पूर्ण किमतीत परत घेऊ. दोन्ही हेडं वाघूरवर फेकून बघा, हाताला बसेल तेच ठेवा. रीळ जरूर आणा. हेड, त्यामागची बारीक रनिंग लाइन आणि तिच्यामागची बॅकिंग दोरी लहान रिळात मावत नाही.