तासाभराचं भाषण गावात कोण ऐकणार?

भाऊ, फोरा टीव्ही या व्याख्यानांचे व्हिडिओ इंटरनेटवर दाखवणाऱ्या कंपनीवर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा प्रश्न असा, की सॅन फ्रान्सिस्कोच्या फोरा टीव्हीचं कौतुक यवतमाळच्या कास्तकाराच्या काय कामाचं? इंग्रजीतली तासतासभराची भाषणं इथे कोण ऐकणार, आणि भाषणांवर कंपनी चालते तरी का?

इंग्रजीचा मुद्दा सोळा आणे खरा. माझ्या लेखात तो यायलाच हवा होता. पैशाचंही बरोबर आहे. व्याख्यानं फुकट दाखवून खर्च निघत नाही.

पण ‘तासभर कोण ऐकणार’ हे पटत नाही. सप्ताहात आपली बाया-माणसं सतरंजीवर बसून दोन-अडीच तास कीर्तन ऐकतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावी गावकऱ्यांचा अभ्यासगट वर्षानुवर्षं जंगलाच्या हक्कावर बसून बोलला, निर्णय सर्वानुमते घेतले. २००९ साली गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या मागे या बैठका आहेत.

फोराचं मला भावलं ते वेगळं. २००५ साली निघालेली ही कंपनी जिथे आधीपासून बोललं जात होतं तिथे कॅमेरा घेऊन गेली. तिथलाच कॉमनवेल्थ क्लब १९०३ पासून व्याख्यानं भरवतो. तिथलं भाषण कुणालाही, कधीही, पूर्ण पाहता येऊ लागलं.

हे मनाला का लागलं, ते सांगतो. २०१७ साली बोंडअळीनं आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर एक कीटकतज्ज्ञ आमच्या देवळात दीड तास बोलले. वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे एकरी दोन लावा, डोमकळ्या (आत अळी असलेल्या, न उमललेल्या कळ्या) दिसल्या की तोडून नष्ट करा, फरदड, म्हणजे हंगामानंतर तेच पीक राखून पुन्हा वेचणी, घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. आणि हे सगळं का, तेही अळीच्या पिढ्या मोजून समजावलं. चाळीसेक लोक होते. बाकीचे पेरणीच्या तयारीत, वावरात.

पीक फुलावर आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी बांधावर विचारलं, “डोमकळी ओळखायची कशी म्हणत होते रे ते?” मला अर्धवटच आठवलं. त्या दिवशी देवळात फोन माझ्या खिशात होता.

या जूनला त्यांना पुन्हा बोलावलंय. बोलणं वऱ्हाडीतच होईल आणि पूर्ण रेकॉर्ड करू. तुम्हीही पाहा, भाऊ, आणि नेमकं कितव्या मिनिटाला कंटाळा आला ते कळवा.