चाव्यांचा जोडधंदा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं शटर आणि अॅल्युमिनियमच्या दारांचं छोटं वर्कशॉप आहे. बारा वर्षं मी दारं बसवली आणि कुलपाचा विषय निघाला की गिऱ्हाइकाला चावीवाल्याचा नंबर दिला. गेल्या वर्षी बघतो तर चावीवाला माझ्याच गिऱ्हाइकांवर नवी गाडी घेऊन फिरतोय. म्हटलं, दार आपलं तर चावीचं भोकही आपलंच.

चावी कापायचं मशीन आणलं, ब्लँक म्हणजे दाते न कापलेल्या चाव्यांचे दोन डबे आणले, पाटीवर एक ओळ वाढवली. वडिलांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "म्हणजे दार बसवणाराही तूच, उघडणाराही तूच. लोकं झोपतील का रे?"

पहिल्या महिन्यात कळलं की कुलूप बिघडलंय म्हणून जे फोन येतात, त्यातल्या निम्म्यांत कुलूप बिचारं निर्दोष असतं. नवी पेठेतल्या एका दुकानात काचेचं दार लॉक होत नव्हतं. मालकांनी दोनदा कुलूप बदललं होतं. दाराखाली फरशीत बसवलेली फ्लोअर स्प्रिंग ढिली पडून दार जरासं कलंडलेलं, त्यामुळे लॉकची जीभ फरशीतल्या भोकाला चुकत होती. मी स्क्रू फिरवून दार सरळ केलं. मालक नाराज. "म्हणजे काहीच बदललं नाही? मग पैसे कशाचे ओ?" शेवटी कुलूप खोललं, पुसलं, ग्रॅफाइटची पूड घातली आणि परत बसवलं. मग पैसे निघाले.

खरी परीक्षा झाली यंत्रमागाच्या कारखान्यात. जुना दिवाणजी चावीसकट निघून गेलेला, मालकांना सहा दारांची चावी बदलून हवी होती. नवी कुलपं कशाला, आतल्या पिना बदलू, असं मीच शहाणपणानं सुचवलं. कुलपाच्या सिलिंडरमध्ये चावी जाते तो फिरणारा गाभा, त्यात पाच बारीक पिना, त्यावर पाच पिना आणि पाच स्प्रिंगा. बरोबर चावी घातली की सगळ्या जोड्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. 1861 साली धाकट्या लायनस येलनी पेटंट घेतलेली ही युक्ती कागदावर फार गोड दिसते. गाभा बाहेर ओढताना मागून त्याच जाडीची दांडी सरकवत न्यायची असते, नाहीतर वरच्या पिना उसळतात. दांडी गाडीत होती. मी पेन्सिल वापरली.

पेन्सिल बारीक निघाली. टिक, टिक, टिक, आणि पाचही स्प्रिंगा पिनांसकट मागाखाली, कापसाच्या तुसात. मी लोहचुंबक काढलं. पिना पितळेच्या. पितळ लोहचुंबकाला कशाला विचारतंय! कारखान्याचं काम थांबलं, सहा कामगार माझ्याबरोबर गुडघ्यावर. एक बाई पदर खोचून म्हणाल्या, "काय करूलालाव ओ, सुई हरवली का?" दोन तासांनी चार पिना सापडल्या. पाचवी माझ्या शर्टाच्या खिशात होती. ती घरी धुताना निघाली.

पण कुलूप उघडणं सोपं, कुणासाठी उघडायचं ते अवघड. म्हणून मी वही ठेवली आहे: नाव, पत्ता, ओळखीचा पुरावा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत रात्री अकराला फोन आला. टॉवेलच्या दुकानाचं शटर, चावी यात्रेच्या गर्दीत पडलेली. गेलो. पायरीवर एक गृहस्थ, हातात जिलेबीची पिशवी.

"आधार कार्ड?"

"पाकिटात."

"पाकीट?"

"दुकानात."

"लाइट बिल?"

"तेबी दुकानातच की."

शेजारची दुकानं बंद. रस्त्यावर एक कुत्रं, तेही माझ्याकडेच संशयानं बघणारं. गृहस्थांनी वर पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर संस्थापकांचा फोटो. "आमचे वडील. नाक बघा."

मोबाइलचा उजेड आधी पाटीवर मारला, मग त्यांच्यावर. नाक खरंच भलं मोठं होतं, मधे उंचवटा, टोकाला किंचित डावीकडे वळलेलं. त्यांनी एकदा समोरून, एकदा बाजूनं दाखवलं. असं नाक चोरीसाठी कोण बनवून घेईल?

वीस मिनिटांत शटर वर गेलं. पाकीट गल्ल्यावरच होतं, आधारही निघालं. पण त्यावरचा फोटो इतका धुरकट की त्यावरून मी त्यांना पायरीसुद्धा चढू दिली नसती. वहीत पुराव्याच्या रकान्यात मी 'नाक' असं लिहिलं आणि त्यांची सही घेतली.